आपल्या शेडचा नकाशा कुणी पाहिला?

मागच्या वेळी आपण हप्ते थकले तर काय करायचं ते बोललो. आज मी इमारतींबद्दल बोलणार आहे. हसू नका, शेवटी गाडी आपल्या मसाल्याच्या शेडवरच येणार आहे.

आम्ही पाच जणी महालक्ष्मी सरसला मुंबईला गेलो होतो, चटण्या आणि पापड घेऊन. एक दिवस दोघींना स्टॉलवर बसवलं आणि आक्का, काकू आणि मी लोकलनं चर्चगेटला उतरलो. शेजारच्या स्टॉलवाल्या ताईंनी सांगितलं होतं, काळा घोड्याला कला महोत्सव चालू आहे, आत जायला पैसे पडत नाहीत आणि जुन्या इमारती हिंडून दाखवतात. आक्का म्हणाल्या, "इमारती काय बघायच्या? समुद्र बघू." म्हटलं, दोन्ही बघू.

काळा घोडा हे नाव एका पुतळ्यावरून पडलं. एडवर्ड राजाचा घोड्यावरचा पुतळा तिथं होता. १९६५ साली तो हलवला, आता तो राणीच्या बागेत आहे. घोडा गेला तरी नाव गेलं नाही. २०१७ साली तिथं नवा घोडा बसवला, त्याच्यावर स्वार नाही. काकूंना ते फार आवडलं.

हा महोत्सव १९९९ पासून भरतो, फेब्रुवारीच्या सुमारास, नऊ दिवस. गाणं, नाच, चित्रं तर असतातच; पण शहर आणि इमारती यांचा वेगळा विभाग असतो. घरं बांधणारे जाणकार तिथं सगळ्यांसमोर बोलतात, लोकांना घेऊन रस्त्यानं चालतात. फेरीला आधी नाव नोंदवायचं असतं, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. काही जण आले नव्हते, म्हणून माहिती सांगणाऱ्या मुलीनं आम्हाला घेतलं. ती इंग्रजीत बोलत होती. पाच मिनिटं ऐकून आक्कांनी सरळ विचारलं, "बाळ, मराठी येतं का?" येत होतं! मग ती दोन्ही भाषांत सांगू लागली.

चालत चालत ओव्हल मैदानावर आलो. तिथं उभं राहिलं की दोन काळ समोरासमोर दिसतात. १८६० च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला, मग मैदानाच्या एका बाजूला दगडी इमारती उभ्या राहिल्या. हायकोर्ट त्यातलंच. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानं पैसे दिले आणि आईचं नाव लावायला सांगितलं. एवढ्या मोठ्या मनोऱ्याला एका बाईचं नाव! समोरच्या बाजूच्या इमारती १९३० च्या आसपासच्या, सिमेंटच्या, गोल कोपऱ्यांच्या. दोन्ही बाजू मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यासाठी तिथल्या रहिवाशांनीही कित्येक वर्षं पाठपुरावा केला होता.

ती मुलगी खिडक्यांवरच्या सिमेंटच्या लांब पट्ट्या दाखवत होती. काकू म्हणाल्या, "अगं, हा तर छज्जा. आमच्या घराला नाही, म्हणून पावसाळ्यात चुलीपर्यंत पाणी येतं." ती मुलगी थांबली, बाकीच्यांना म्हणाली, या सांगतायत तेच मी मघापासून समजावतेय. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग आक्कांनी विचारलं, इथं बायकांची मुतारी कुठंय? काही जण हसले. ती मुलगी हसली नाही. म्हणाली, हा शहराच्या आखणीतलाच प्रश्न आहे, आणि मुंबईतल्या संघटनांनी २०११ पासून त्यासाठी मोहीम चालवली आहे.

परत येताना लोकलमध्ये आक्का माझ्याकडे वळल्या. "ताई, आपल्या शेडचा नकाशा कसाय?"

मला सांगता येईना. ग्रामपंचायतीच्या जागेवरची शेड, मंजुरीच्या कागदावर गटातर्फे सही माझी, आणि नकाशाची घडी मी उघडलीसुद्धा नव्हती. मी बीए झालेली. अंगठा देणाऱ्या बायकांना मीच सांगत असते, वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका.

घरी आल्यावर नकाशाची प्रत मागून घेतली. कागदावरून कुणालाच अंदाज येईना. मग कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्की मारून आम्ही ती शेड जागेवरच खऱ्या मापात आखली. वीस बाय पंधरा फूट. एकीनं कांडप यंत्र म्हणून पिंप ठेवलं, एकीनं पोती रचली, चौघी निवडायला बसल्या. दार कुठं, खिडकी कुठं, तिथं विटा ठेवल्या. तेव्हा कळलं, दार आणि खिडकी एकाच भिंतीला, तीही पश्चिमेची. पाऊस थेट आत येणार. आणि समोरच्या भिंतीला काहीच नाही, म्हणजे मिरची कांडताना खकाणा बाहेर जाणार कुठून? आठ-आठ तास तिथं आम्हीच बसणार. संडास तर नकाशात नव्हताच.

इंजिनिअर साहेबांना जागेवर बोलावलं. आधी ते कंटाळलेले होते, पण फक्कीच्या आत उभे राहिल्यावर त्यांनाही पटलं. पूर्वेला दुसरी खिडकी आणि पश्चिमेला छज्जा त्यांनी नकाशात घातला. संडासाचं मात्र इस्टिमेटमध्ये बसत नाही म्हणाले. तो विषय आम्ही येत्या ग्रामसभेत लेखी मांडतोय, अर्जावर एकोणीस जणींच्या सह्या झाल्यात.

तुमच्या गावात शेड, अंगणवाडी, समाजमंदिर, काहीही मंजूर झालं असेल, तर पाया खणायच्या आधी नकाशाची प्रत मागा. नंतर भिंत फोडायला कुणी पैसे देत नाही. फक्कीची पिशवी आणि टेप आमच्याकडे आहे. परत आणून देणार असाल तर घेऊन जा.