थंडी सगळीकडे सारखी नसते



मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधणाऱ्यांसाठी…
थंडी सगळीकडे सारखी नसते.

इंग्लंडमध्ये पिकं निघाली, की या शोधकांचा हंगाम सुरू होतो. शेतं मोकळी असतात. माती ओली, मऊ असते.
सफोक परगण्यातलं हॉक्सन गाव. १९९२ चा नोव्हेंबर.
एरिक लॉज डिटेक्टर घेऊन शेतात उतरले, ते मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला.
यंत्र वाजलं…
आणि मातीतून निघाली रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी. एकदोन नव्हे, हजारो!
हातोडाही सापडला बरं का. तोही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

अमेरिकेतल्या मिनेसोटात मात्र हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठते. यंत्र वाजतं, पण खुरपं आत जात नाही.

माणसांचंही तसंच. दक्षिण फ्लोरिडात पारा १० अंशांवर आला, की लोक जाड कोट चढवतात. मिनेसोटाच्या माणसाला तीच हवा सुखाची वाटते.
हा सवयीचा परिणाम. थंडीत राहून राहून शरीराचं कुडकुडणं कमी होतं.
मुंबईकर नाही का, १५ अंशांना स्वेटर शोधत?

म्हणूनच पुन्हा सांगायचं…
थंडी सगळीकडे सारखी नसते.

यंत्राची बॅटरी मात्र कुठल्याही थंडीत लवकर उतरते. जादाची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.