क्रम लावणारें यंत्र

१९४५ सालीं अमेरिकेंत जॉन फॉन नॉयमन हे विख्यात गणिती एडव्हॅक नांवाच्या गणकयंत्रासाठीं आज्ञा लिहीत होते. यंत्र तोंवर बांधलेलेंहि नव्हतें. सारा व्यवहार कागदावरचा. यंत्र बेरजा-गुणाकार करील, याविषयीं शंका नव्हती. परंतु अंकगणिताबाहेरचें, 'हें मोठें कीं तें मोठें' एवढाच विवेक करण्याचें काम त्याच आज्ञांनीं साधेल काय, हा खरा प्रश्न होता. कसोटीसाठीं त्यांनीं निवडलेलें काम अगदीं कारकुनी होतें: विस्कटलेली यादी क्रमानें लावणें.

याची घरगुती रीत सर्वांस ठाऊक आहे. ढिगांतला सर्वांत लहान आंकडा हुडकून बाजूस ठेवावा, उरलेल्यांत पुन्हां तोच शोध करावा. दहापांच चिठ्ठ्यांना ही रीत पुरते. चिठ्ठ्या १,०२४ असल्या तर मात्र ५,२३,७७६ तुलना कराव्या लागतात.

फॉन नॉयमन यांच्या रीतीचें मर्म निराळें आहे. दोन गड्ड्या आधींच क्रमानें लावलेल्या असल्या, तर त्यांची एक गड्डी करणें फार सोपें. कारण सर्वांत लहान चिठ्ठी दोहोंपैकीं एकीच्या माथ्यावरच असणार, खालीं चाळण्याचें कारणच नाहीं. समजा, एका गड्डींत ७, १९, ३८, ५२ आणि दुसरींत ३, २६, ४४, ६१ आहेत. माथ्यावरच्या ७ व ३ यांत ३ लहान, तो उचलला. आतां ७ व २६ समोर आले, ७ उचलला. मग १९, मग २६. एक गड्डी संपली कीं दुसरींत उरलेलें जसेंच्या तसें ठेवून द्यावयाचें.

पण क्रमानें लावलेल्या त्या दोन गड्ड्या आणावयाच्या कोठून? श्रोत्यांना ही चलाखी वाटेल, परंतु उत्तर एवढेंच कीं, त्याहि याच रीतीनें! आठांचे चार-चार, चारांचे दोन-दोन, दोहोंचे एक-एक करावे. आणि एकाच चिठ्ठीची गड्डी तर क्रमानें लावलेलीच असते. तेथून जुळवीत जुळवीत वर यावयाचें. शास्त्रज्ञ या जातीच्या रीतींना 'फोडा आणि जिंका' म्हणतात. येथें मात्र फोडणें नांवालाच, श्रम सारे जुळवण्याचे.

१,०२४ चिठ्ठ्यांना जुळणीच्या फेऱ्या दहाच, आणि कोणत्याहि फेरींत तुलना १,०२४ हून कमी. म्हणजे एकंदर १०,२४० च्या आंत. चिठ्ठ्या दुप्पट झाल्या, तर घरगुती रीतीचे श्रम जवळजवळ चौपट होतात. येथें फेरी वाढते ती एकच. याचें मोलहि द्यावें लागतें. जुळलेली गड्डी ठेवण्यास यंत्राच्या स्मृतींत वेगळी जागा लागते, आणि त्या काळीं स्मृति फार महाग होती.

तरीहि या कसोटीनें फॉन नॉयमन यांचें समाधान झालें: हें यंत्र केवळ आंकडेमोडीचें नसून जवळजवळ सर्व कामांचें आहे, असें त्यांचें मत बनलें. त्यांच्या हस्तलिखिताची छाननी करून डोनल्ड क्नूथ यांनीं १९७० सालीं तें प्रकाशांत आणलें.