पाणथळीचे दप्तर (सांबरा येथील साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



सीमाभागातील खेड्यांनी स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या श्रमाने वर्षानुवर्षे साहित्य संमेलने भरवावीत, ग्रंथदिंडीला घराघरांतील सुवासिनींनी ओवाळावे, आणि शेतीच्या धांदलीतून सवड काढून शेतकऱ्याने दिवसभर मांडवात बसून व्याख्याने ऐकावीत, हे दृश्य मराठी मुलखात अन्यत्र दुर्मीळ होत चालले आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा या गावांनी ही परंपरा ज्या निष्ठेने सांभाळली, तिला वंदन करून मी हे अध्यक्षपद आपली आज्ञा म्हणून स्वीकारतो.

अध्यक्षाने वाङ्मयाच्या प्रवाहांचा परामर्श घ्यावा असा प्रघात आहे. मी मात्र आज, ज्या भूमीवर हे वाङ्मय उगवले तिच्या पाणथळीविषयी, आणि त्या पाणथळीतील वनस्पतींच्या मुळाशी साचणाऱ्या जड धातूंविषयी बोलणार आहे. बेळगावात राहून इंदिरा संतांनी जी निसर्गकविता लिहिली, कोवाडच्या रणजित देसाईंनी ‘बारी’त बेरडांचे आणि त्यांच्या रानाचे जे जीवन रेखाटले, त्या साहित्याला या मुलखाच्या मातीचा आणि पाण्याचा आधार होता, तो आधारच दूषित होत असेल तर त्याविषयी बोलणे साहित्याच्या व्यासपीठाला विसंगत ठरू नये.

पाणथळ म्हटले की पक्ष्यांनी गजबजलेला एखादा जलाशयच आपल्या डोळ्यांपुढे येतो. १९७१ साली इराणमधील रामसर येथे झालेल्या पाणथळविषयक आंतरराष्ट्रीय करारान्वये महाराष्ट्रातील नांदूर मध्यमेश्वराला आणि पुढे २०२२ साली गोव्यातील नंदा तळ्याला मान्यता मिळाली, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु पावसाळ्यात चिखलणी करून, गुडघाभर पाण्यात वाकून ज्यात आपण भाताची लावणी करतो ते खाचर हीही पाणथळच आहे, आणि रामसर कराराने तिला मानवनिर्मित पाणथळ म्हणून स्थान दिलेले आहे. आपल्याकडील २०१७ च्या पाणथळविषयक नियमांनी मात्र भातशेती आणि नद्यांची पात्रे व्याख्येतून वगळली. म्हणजे ज्या पाणथळीवर आपली चूल पेटते, तिला त्या नियमांचे संरक्षणच नाही.

आता या पाणथळीत काय घडते ते पाहू. जस्त, तांबे, मँगनीज हे धातू अल्प प्रमाणात वनस्पतीला आवश्यकच असतात, अतिरेक झाला की तेच मारक ठरतात. कॅडमियम, शिसे, पारा यांची मात्र तिला मुळीच गरज नसते. सेंद्रिय घाण कालांतराने कुजून नाहीशी होते. धातूचे विघटन होत नाही, तो मातीत राहतो आणि दरवर्षीच्या गाळाबरोबर त्यात भर पडत जाते. कॅडमियम मुळाशी पोचले की पहिला आघात मुळाच्या टोकावर होतो, कारण पेशींचे विभाजन तेथेच चाललेले असते. निरोगी रोप उपटून स्वच्छ पाण्यात धुतले तर त्याची कोवळी मुळे लांब, पांढुरकी आणि बारीक केसांनी भरलेली दिसतात; धातूने पीडलेल्या रोपाची मुळे आखूड, जाडसर, तपकिरी पडतात आणि त्यांवरचे केस विरळ होतात. मूळ खुंटले की लोह, जस्त, चुना यांचे शोषण अडते, हरितद्रव्य घटते, पाने पिवळी पडतात, फुटवे कमी येतात. आणि शेतकरी ते खताच्या कमतरतेचे लक्षण समजून आणखी खत टाकतो.

परंतु वनस्पती निमूटपणे बळी पडत नाही. भात, पाणकणीस, देवनळ यांसारख्या पाणवनस्पतींच्या देठांत आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून उतरलेला प्राणवायू मुळांभोवतीच्या चिखलात झिरपतो आणि तेथील विरघळलेल्या लोहाचा तांबूस गंज मुळांवर चढतो. हा लेप शिशासारख्या धातूंना काही अंशी बाहेरच धरून ठेवतो. जे आत शिरते त्याला पेशीतील विशिष्ट गंधकयुक्त रेणू बांधून घेतात आणि पेशीच्या पोकळीत कोंडून ठेवतात. म्हणूनच बहुधा मुळांत धातू सर्वाधिक, देठात त्याहून कमी आणि दाण्यात सर्वांत कमी आढळतो. या संरक्षणाला अर्थातच मर्यादा आहे. खाचरात पाणी उभे असताना कॅडमियम गंधकाशी बद्ध होऊन चिखलात स्थिर राहते. दाणा भरण्याच्या सुमारास खाचर कोरडे पडले की तो बंध सुटतो आणि मोकळे झालेले कॅडमियम थेट दाण्याची वाट धरते. आर्सेनिकाचा स्वभाव याच्या उलट, ते उभ्या पाण्यातच अधिक मोकळे होते. तेव्हा पाणी कमीअधिक करून एका विषापासून सुटका करून घेताना दुसरे पदरी पडण्याचा धोका असतो.

भाताच्या मुळाशी काय साचते याच्या अज्ञानाची किंमत जपानने मोजली आहे. तोयामा प्रांतातील जिंझू नदीत कामिओका खाणीतून कॅडमियम उतरले, त्या नदीच्या पाण्यावर भात पिकला, आणि तो भात खाणाऱ्यांची, विशेषतः प्रौढ स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी होऊन हाडे ठिसूळ झाली. १९६८ साली तेथील सरकारने हा रोग प्रदूषणजन्य असल्याचे अधिकृतपणे मान्य केले.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन वाहते, आणि तिच्या खोऱ्यात डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातील लोह व मँगनीजयुक्त गाळ पावसाबरोबर भाताच्या शेतांत उतरत आला. लोहाचा अतिरेक झालेल्या खाचरात भाताच्या पात्यांवर तांबूस ठिपके पसरतात आणि रोपाची वाढ खुंटते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणी थांबवल्या. शेतात साचलेला गाळ न्यायालयाच्या हुकुमाने उठून जात नाही.

बेळगावच्या शिवाराकडे पाहा. शहापूर, वडगाव, हलगा या भागांतून शहराचे सांडपाणी घेऊन जाणारा बळ्ळारी नाला अतिवृष्टीत पात्र सोडतो आणि ज्या शिवाराने बेळगावच्या बासमतीला नावलौकिक मिळवून दिला त्याच शिवारात शिरतो. पुढे हे पाणी मार्कंडेय, घटप्रभा आणि कृष्णा असा प्रवास करते. ओतकामाने आणि यंत्रभागांच्या कारखान्यांनी या शहराला रोजगार दिला, त्याचे ऋण मी मानतो. परंतु धातूंवर मुलामा चढवण्याच्या व्यवसायात क्रोमियम, निकेल, जस्त वापरले जातात, जुन्या बॅटऱ्यांत शिसे असते, आणि शहरात वापरले जाणारे हे सारे प्रक्रियेविना गटारात गेले तर त्याचा शेवटचा मुक्काम नाल्याकाठचे खाचर आणि अळूचा वाफा हाच असतो. निपाणीच्या बंधूंनीही हे ऐकावे: तंबाखूचे झाड पाणथळीतले नव्हे, पण मातीतील कॅडमियम पानांत साठवण्यात ते अग्रेसर आहे, आणि स्फुरदयुक्त खतांतूनही कॅडमियम अल्पांशाने जमिनीत येते. १९८१ साली निपाणीने पानाच्या भावासाठी मोठे आंदोलन केले. त्या पानात काय साठते हा प्रश्नही तितक्याच निर्धाराने विचारला पाहिजे.

जलपर्णी आणि पाणकणीस धातू शोषतात, तेव्हा त्यांनीच पाणी शुद्ध करावे, असा एक युक्तिवाद केला जातो. योग्य रीतीने बांधलेल्या कृत्रिम पाणथळीत तो काही अंशी खराही आहे. पण ती वनस्पती वेळेवर कापून सुरक्षित जागी नेली नाही, तर कुजल्यावर शोषलेला धातू पुन्हा त्याच पाण्याला परत मिळतो. कारखान्याच्या दारात आणि शुद्धीकरण केंद्रात जे कर्तव्य पार पाडायचे, ते लव्हाळ्यावर आणि भातावर ढकलणे हा न्याय नव्हे. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याने ते कर्तव्य कोणाचे हे निःसंदिग्धपणे सांगून ठेवले आहे.

आपल्या जमिनीच्या उताऱ्यात क्षेत्र, आकार, पीक, बोजा अशा साऱ्या बाबींचा तपशील असतो. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटकांची तपासणी होते. त्यांत जस्त आणि तांबे आहेत ते पिकाला उणे पडतात का हे पाहण्यासाठी, आणि कॅडमियम, शिसे, क्रोमियम यांना त्यात जागाच नाही. ज्याची दप्तरी नोंद नाही, त्याची दाद कोणत्या कचेरीत लागणार?

म्हणून या संमेलनाच्या वतीने माझी विनंती आहे. नाल्याकाठच्या प्रत्येक गावाने ग्रामसभेत ठराव करून, लावणीपूर्वी मातीची आणि कापणीनंतर दाण्याची जड धातूंसाठी तपासणी व्हावी, आणि तिचा निकाल शेतकऱ्याला त्याच्या भाषेत मिळावा, अशी रीतसर दरखास्त जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञान मराठीतून सांगण्याचे व्रत चालवले आहे. येथील शिक्षकांनी आणि तरुण लेखकांनी ते व्रत आपल्या शिवारापुरते उचलावे, प्रयोगशाळेतील आकडा शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत लिहावा, आणि पुढील वर्षी याच मांडवात कथाकवितांबरोबर नाल्याकाठच्या एका तरी गावाचा असा अहवाल वाचला जावा. मायबोलीवरील आपले प्रेम तिच्या भूमीच्या चिंतेतही दिसू द्या, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.