टाकी तुमची, छत खालच्यांचं



स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करताना लोक मला हमखास विचारतात, "हॉलमध्ये सहा फुटी फिश टँक ठेवायचाय, स्लॅब घेईल ना?" विचारतात याचंच मला समाधान वाटतं. बरेचजण विचारत नाहीत. दुकानातून टाकी येते, चार हमाल ती वर चढवतात, आणि रिकामी टाकी चौघांनी उचलली म्हणून सगळे निर्धास्त होतात. खरं वजन नंतर नळातून येतं.

आधी आकडे मांडू. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच म्हणजे 24 घनफूट. एका घनफुटात 28 लिटरच्या वर पाणी मावतं, आणि लिटरमागे एक किलो. काठापासून थोडं खाली भरलं तरी साडेसहाशे किलो पाणी झालं. काच 12 मिलिमीटर जाडीची धरली तर चौरस मीटरला 30 किलो. तळ आणि चारही बाजू मिळून चारेक चौरस मीटर होतात, म्हणजे 120 किलो नुसती काच. वाळू, दगड आणि स्टँड धरून एकूण वजन 900 किलोंच्या पुढे जातं. हा सगळा भार जमिनीच्या फक्त 12 चौरस फुटांवर, म्हणजे चौरस फुटाला 75 किलो.

आता स्लॅब कशासाठी बांधलेला असतो ते पाहू. आपल्याकडे राहत्या खोल्यांसाठी माणसं, सामानसुमान यांचा भार भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागाप्रमाणे धरतात. तो चौरस मीटरला सुमारे 200 किलो, म्हणजे चौरस फुटाला एकोणीसच्या आत. टाकीखालचा भार त्याच्या चौपट होतो. हे ऐकून घाबरू नका. दहा बाय बाराच्या खोलीचा हिशेब केला तर त्याच नियमाने 2200 किलो होतात, आणि टाकी त्याच्या निम्म्याहून कमी आहे. म्हणून "किती वजन" याच्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, "कुठे" याला महत्त्व आहे.

दहा फुटांच्या अंतरावर दोन्ही टोकांना टेकलेल्या एका पट्टीची कल्पना करा. वजन बरोबर मध्यावर ठेवलं तर पट्टीला जितका वाक देणारा जोर येतो, तेच वजन टोकापासून एका फुटावर ठेवलं तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडाच जास्त येतो. वजन तेच, पट्टी तीच. म्हणून टाकी भिंतीलगत हवी, आणि त्या भिंतीखाली बीम हवा. फ्लॅटमधल्या सगळ्याच भिंतींखाली बीम नसतो. चार इंची पार्टिशन पुष्कळदा नुसत्या स्लॅबवर उभं असतं. बीम कुठून जातो हे कळायला खालच्या घरात जाऊन छत पाहावं लागतं. तिथे फॉल्स सीलिंग असेल तर सोसायटीकडचे आरसीसी ड्रॉइंग काढा.

खाली गेलातच तर छताकडे डोळे उघडे ठेवून पाहा. ओल आहे का, प्लॅस्टरला एका रेषेत तडे गेलेत का, कुठे पोपडा सुटून गंजलेली सळई दिसते का? स्लॅबमध्ये सळईवर काँक्रीटचं कव्हर जेमतेम 15-20 मिलिमीटर असतं. सळई गंजली की फुगते आणि कव्हर ढकलून पाडते. असा स्लॅब दिसला तर टाकीचा विषय तिथेच थांबवा, आधी दुरुस्ती. "सेफ्टी फॅक्टर असतोच की" असं मला सांगतात. असतो, पण तो कामातल्या उणिवांसाठी आणि अंदाज चुकण्यासाठी ठेवलेला असतो. माशांच्या टाकीसाठी त्यातून उसनं घेऊ नये.

मुंबईतल्या जुन्या चाळींची गोष्ट वेगळी. तिथे लाकडी वाशांवर फळ्या, वर कोबा किंवा लादी. वाशाचं भिंतीत गेलेलं टोक आधी कुजतं आणि ते बाहेरून दिसतच नाही. अशा मजल्यावर मोठी टाकी ठेवूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. गॅलरीतही नको, मग ती काचा लावून खोलीत घेतलेली असली तरी. ती एकाच बाजूने धरलेली असते, आणि तिचा भार पेलणाऱ्या मुख्य सळया स्लॅबच्या वरच्या अंगाला असतात. पावसाचं पाणी त्यांच्यापर्यंत लवकर पोचतं.

पाण्याच्या भाराची आणखी एक तऱ्हा आहे. लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये चाळीस माणसं दाटीवाटीने बसतात आणि रात्री निघून जातात. टाकी वर्षानुवर्षं तिथेच असते. सतत भाराखाली काँक्रीट हळूहळू वाकत राहतं, त्याला क्रीप म्हणतात. आज सरळ दिसणारा स्लॅब दोन-तीन वर्षांनी थोडा खाली आलेला असू शकतो. त्याची पहिली खूण टाकीतच दिसते. पाण्याची पातळी कायम आडवी असते. काचेच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांवर पट्टीने मोजून वहीत तारखेसह लिहा. एका बाजूचं अंतर वाढत गेलं तर स्टँड तरी कलतोय किंवा जमीन तरी.

स्टँडचे पाय टोकदार नकोत. चार पायांवर 900 किलो म्हणजे पायाला सव्वादोनशे, आणि व्हिट्रिफाइड टाइल खालून पोकळ असेल तर ती तिथेच फुटते. टाइलवर बोटाने टकटक करा, भद्द आवाज आला तर जागा बदला. खाली 19 मिलिमीटरची मरीन प्लायची अखंड पाटी घाला, आणि टाकी व स्टँड यांच्यामध्ये थर्माकोल.

इमारत पंधरा वर्षांवरची असेल तर सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट केलेलं असायला हवं. पंधरा ते तीस वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी आणि तीसनंतर दर तीन वर्षांनी ते करावं, अशी आदर्श उपविधींत तरतूद आहे. तो अहवाल मागून घ्या, आपल्या मजल्याचं पान वाचा, आणि शंका असेल तर टाकीचं माप घेऊन त्याच इंजिनिअरकडे जा. सगळं ठीक निघालं तरी एका दिवसात टाकी भरू नका. एक तृतीयांश भरा, रात्रभर ठेवा, सकाळी कोपरे मोजा, खालच्यांना छत पाहायला सांगा, मग पुढचं पाणी.