तालुक्याच्या गावातील संगणक केंद्र: स्वागताध्यक्षीय भाषण

संगणक प्रशिक्षण केंद्र काढायचे ठरले की पहिली चर्चा संगणक किती आणि कोणते घ्यायचे याची होते. ती लवकर आटोपते, कारण पैसे मोजले की संगणक दारात येतात. केंद्र अडते ते पुढे: वीज गेल्यावर, शिकवणारा सोडून गेल्यावर किंवा दुपारची बॅच रिकामी राहिल्यावर.

आधी विजेचा हिशेब. १० डेस्कटॉप मॉनिटरसह साधारण १ किलोवॉट भार घेतात. ४ तासांच्या भारनियमनात ते चालू ठेवायचे तर ४ युनिट वीज साठवलेली हवी. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १.८ युनिट देते. पण ती पूर्ण उतरू द्यायची नसते आणि काही वीज इन्व्हर्टरच खातो, त्यामुळे हाती जेमतेम १ युनिट लागते. म्हणजे बॅटऱ्या ४, आणि काही वर्षांनी पुन्हा ४. लॅपटॉप घेतले तर हा खर्च निम्म्याहून खाली येतो. डेस्कटॉप स्वस्त म्हणून घेणारे बॅटरीचे बिल वेगळ्या वहीत लिहितात, एवढाच त्या स्वस्ताईचा अर्थ. अर्थिंगचेही तसेच. मीठ-कोळसा घालून खड्डा भरला की काम झाले असे समजतात. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचे कोणी, हे ठरलेले नसते.

शिक्षकाचा प्रश्न याहून अवघड. ब्राझीलमध्ये रोद्रिगो बाज्जिओ यांनी १९९५ मध्ये रिओ दि जानेरोच्या सांता मार्ता या झोपडवस्तीत संगणक शाळा सुरू केली. संगणक वापरलेले, देणगीत आलेले. शिकवणारे मात्र वस्तीतलेच. बाहेरून आणलेला शिक्षक चांगली नोकरी मिळताच जातो, वस्तीतला बहुधा टिकतो. घानाची वाट निराळी. अक्रा येथे २००३ मध्ये भारत सरकारच्या साहाय्याने कोफी अन्नान यांच्या नावाचे माहिती तंत्रज्ञान केंद्र उभे राहिले. तांत्रिक भागीदार होती पुण्याची सी-डॅक, १९९१ मध्ये ‘परम ८०००’ बनवणारी संस्था. असे केंद्र राजधानीत शोभते. तालुक्याला रिओचा धडा जास्त उपयोगी.

महाराष्ट्राने तिसरा मार्ग धरला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने स्वतःच्या इमारती बांधत न बसता गावोगावच्या खासगी क्लासचालकांना एमएस-सीआयटीच्या जाळ्यात घेतले. बसस्टँडजवळच्या माडीवर जिथे कधीकाळी टाइपरायटरची खडखड चाले, तिथेही संगणक आले. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागू लागल्याने बॅचेस भरल्या. त्याची दुसरी बाजूही आहे: प्रमाणपत्रापुरते शिकणारा परीक्षा संपताच माउस ठेवतो आणि फॉर्म भरायला पुन्हा सायबर कॅफेत जातो. चाळीशीची बाई पहिल्या दिवशी माउस टेबलावरून उचलून हवेत फिरवते, बाण जागचा हलत नाही आणि ती बिचकते. तिला आठवडाभर नुसते पत्त्यांचे डाव खेळू द्यावेत. बोट सैल होते. अभ्यासक्रमात यासाठी तास धरलेला नसतो, तो धरायला हवा.

भाषेचेही तेच. इनस्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. एवढे कळले की मराठी टंकन पंधरवड्यात जमू लागते. तरीही जुन्या फाँटात अर्ज टाइप करून देण्याची सवय काही केंद्रांत टिकून आहे. तो अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा खिचडा होतो. युनिकोडशिवाय मराठी शिकवू नये.

वेळ हा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. गृहिणींना दुपारी २ ते ४ सोयीचे, शेतात जाणाऱ्यांना रात्रीचे, आणि एसटीने येणाऱ्या मुलींना शेवटच्या गाडीच्या आधीचे. वेळापत्रक चालकाच्या सोयीने लावले की यातले निम्मे गळतात.

या परिषदेला आलेल्या सर्व केंद्रचालकांचे आणि शिक्षकांचे स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत. सभागृहाबाहेर फळा ठेवला आहे. प्रत्येकाने त्यावर आपल्या बॅचच्या वेळा आणि गेल्या महिन्याचे वीजबिल लिहावे. दुपारचे सत्र त्या फळ्यापासूनच सुरू होईल.