विम्याचे टेंडर: दरपत्रकाआधी काय वाचावे?

मार्च लागला की कारखान्यांच्या लेखा विभागात दोन कामांची घाई उडते: हिशेब बंद करण्याची आणि विम्याच्या नूतनीकरणाची. बऱ्याच पॉलिसी ३१ मार्चच्या मध्यरात्री संपतात, आणि टेंडर निघते शेवटच्या आठवड्यात. चार-पाच कंपन्यांचे दर येतात, सर्वांत कमी आकडा ‘एल-वन’ ठरतो, फाइल पुढे सरकते. सिमेंट घेताना ही रीत खपते. दर्जा आधी ठरलेला असतो आणि माल उतरवून घेताना तपासता येतो. विम्याचा माल तपासायला मिळतो तो नुकसान झाल्यावर.

भारतात विमा दरांची ही स्पर्धा तशी अलीकडची. १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शंभराहून अधिक कंपन्यांच्या जागी न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल व युनायटेड इंडिया या चार कंपन्या आल्या. आगविम्याचा दर टॅरिफ अॅडव्हायझरी कमिटीने ठरवून दिलेला असे. कोणाच्याही दारात गेले तरी आकडा तोच, मग टेंडर कशाचे काढणार? १ जानेवारी २००७ पासून आग आणि अभियांत्रिकी विम्याचे दर मोकळे झाले आणि मग काय विचारता! सवलतीची भाषा ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत गेली. अखेर २०१९ मध्ये जीआयसी री या, विमा कंपन्यांची जोखीम वाटून घेणाऱ्या सरकारी पुनर्विमा कंपनीने लगाम खेचला. आठ प्रकारच्या उद्योगांचा आगविमा इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोने काढलेल्या दरापेक्षा स्वस्त विकू नये, असे तिने विमा कंपन्यांना बजावले. पुढे ही यादी आणखी लांबली.

हप्ता दोन वाटांनी उतरतो. कंपनी स्वतःचा नफा सोडते, किंवा ग्राहकाचे संरक्षण कातरते. एल-वनच्या रकान्यात दोन्ही सारखेच दिसतात.

इचलकरंजीतल्या एखाद्या सूतगिरणीची कल्पना करावी. तिच्यापुढे दोन कोटेशने आहेत. पहिल्यात वादळ-पुराचे संरक्षण, म्हणजे विमावाल्यांच्या भाषेत ‘एसटीएफआय’, आहे. दुसऱ्यात ते वगळले आहे. पहिल्यात यंत्रे नव्याने उभी करण्याच्या किमतीवर धरली आहेत. दुसऱ्यात बाजारभावावर, म्हणजे जुन्या रिंगफ्रेमचा घसारा वजा होणार. पहिल्यात प्रत्येक दाव्यातले पहिले ५ लाख गिरणीने सोसायचे (याला ‘एक्सेस’ म्हणतात), दुसऱ्यात २५ लाख. दुसरे कोटेशन स्वस्त असणारच. मात्र २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी पाहिलेल्या गावात ते घेण्यात शहाणपण किती?

त्याहून घातक चूक विमा रकमेची. हप्ता वाचावा म्हणून १० कोटींची मालमत्ता ६ कोटींना दाखवली आणि आगीत २ कोटींचे नुकसान झाले, तर भरपाई त्याच प्रमाणात कापणारे ‘सरासरी’चे कलम लागून १ कोटी २० लाखच मिळतात, तेही एक्सेस वजा करण्यापूर्वी. एका ठिकाणी ५ ते ५० कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या उद्योगांसाठी १ एप्रिल २०२१ पासून भारत लघु उद्यम सुरक्षा पॉलिसी आली. तिच्यात विमा रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. इथली तूट ४० टक्के, माफीच्या पलीकडची.

म्हणून जाणते खरेदीदार आधी अटी गोठवतात आणि मगच दर मागवतात. संरक्षणाचा मसुदा, विमा रक्कम आणि एक्सेस सर्वांना एकच. सोबत मागच्या काही वर्षांच्या दाव्यांचा तपशील आणि जोखीम तपासणीचा अहवाल. जोखीम तोलून दर ठरवणाऱ्या अंडररायटरला हे कागद वाचायला वेळ हवा. अंधारात दर मागितला तर तो भीतीपोटी चढा देतो किंवा अटींत पळवाट ठेवतो. ब्रोकर अनेक असतील तर कोणी कोणत्या कंपनीकडे जायचे हे मॅन्डेट पत्रात आधीच लिहितात. नाहीतर एकाच गिरणीचा प्रस्ताव तीन हातांनी एकाच टेबलावर पोचतो.

जोखीम मोठी असेल तर ती दोन-तीन कंपन्यांत वाटली जाते. अशा वेळी मुख्य कंपनी कोणती, तिचा वाटा किती आणि दाव्यावरचा तिचा निर्णय इतरांना बंधनकारक राहील का, हे टेंडरमध्येच नोंदवावे लागते. शिवाय विमा कायद्याचे ६४ व्हीबी कलम आहेच: हप्ता जमा झाल्याखेरीज जोखीम सुरू होत नाही. ३१ मार्चला एल-वन ठरला आणि धनादेश सहीसाठी साहेबांच्या टेबलावर राहिला, तर १ एप्रिलच्या आगीला कोणत्याच कंपनीचे छत्र नसते.