जुनं घर, पक्की पावती

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं, ‘साहेब, तुम्ही बँकेतले, पैशावर काहीतरी बोला.’ बचतीवर बोलणं सोपं होतं. पण निवृत्तीनंतर मी जो उद्योग केला, तो इथे बहुतेकांना माहीत आहे. जुनं घर घ्यायचं, नीटनेटकं करायचं आणि विकायचं. अशी तीन घरं मी केली. मधलं घर कसं फसलं, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. आज तेच सांगतो, कारण आपली घरंही आता पंचवीस वर्षांची झाली आहेत. कोणी वर मजला चढवतो आहे, कोणी मुलाकडे पुण्याला जायचं म्हणून घर विकायच्या विचारात आहे.

पहिलं घर मी २०१४ मध्ये घेतलं. रंगरंगोटी केली, कवेलू काढून टिनपत्रे टाकले, काही महिन्यांत विकलं. हातात दोन लाख उरले असं मला वाटलं. ‘वाटलं’ म्हणतो, कारण हिशेब लिहिलाच नव्हता. आयुष्यभर कर्जदारांकडून कागदावर कागद मागणारा मी, स्वतःच्या कामात एक चिठ्ठी ठेवली नाही!

त्या दोन लाखांनी डोकं चढलं. २०१८ मध्ये दुसरं घर घेतलं. या वेळी माझे मेहुणे, म्हणजे सौ.चे धाकटे भाऊ, नुकतेच निवृत्त झाले होते. मीच त्यांना म्हटलं, ‘पाच लाख द्या, वर्षभरात दीड लाख वाढवून देतो.’ त्यांच्या मुलीचं लग्न दोन वर्षांवर होतं. त्यांनी चेक दिला. मी बँकेतला माणूस आहे, एवढ्याच भरवशावर दिला.

मी कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. घर १८ लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील आणि घेतानाची दलाली मिळून दीड लाख. दुरुस्ती चार लाख. विक्री २८ लाख. नफा साडेचार लाख. किती सोपं!

घर मी मार्च महिन्यात पाहिलं होतं. भिंतीवर नवा चुना होता. आपल्याकडची काळी माती तुम्हाला माहीतच आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असला की भिंत तिच्यासोबत हलते. मे महिन्यात चुन्याखालची भेग बोट जाईल एवढी उघडली. मिस्तरी म्हणाला, ‘साहेब, हे प्लास्टरनं नाही भागत. खालून बीम घ्यावा लागते.’ खोदकाम सुरू झालं आणि पाऊस आला. घाटावरून रेती बंद, मजूर शेतीच्या कामाला. चार महिने घर उघडंच पडलं. तेव्हापासून माझा नियम आहे: जुनं घर घेण्याआधी दोनदा पाहायचं, एकदा मे महिन्यात भेगांसाठी आणि एकदा ऑगस्टमध्ये ओलीसाठी. तेवढा वेळ नसेल, तर निदान शेजाऱ्याला विचारायचं. शेजारी खरं सांगतो.

शेवटी एकोणीस महिन्यांनी घर साडेसत्तावीस लाखांना गेलं. खरा हिशेब ऐका. दुरुस्तीला चारऐवजी ६ लाख ४० हजार लागले. आठ लाख मी राहतं घर तारण ठेवून दहा टक्क्यांनी काढले होते, त्याचं व्याज १ लाख २७ हजार. घरपट्टी, वीजबिल आणि राखणदार २८ हजार. विकतानाची दलाली साडेसत्तावीस हजार. खरेदी आणि तिचे दीड लाख धरून सगळी बेरीज २७ लाख ७२ हजार ५०० झाली. म्हणजे साडेचार लाखांचा नफा राहिला बाजूला, साडेबावीस हजारांचा तोटा!

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. कागद घेऊन सीएकडे गेलो. ते म्हणाले, ‘दुरुस्तीच्या पावत्या?’ निघाल्या ३ लाख ९० हजारांच्या. बाकीचे अडीच लाख मी दर शनिवारी मजुरांना आणि ट्रॅक्टरवाल्याला रोख दिले होते. घर चोवीस महिन्यांच्या आत विकलं, म्हणून नफा अल्पमुदतीचा. तो पेन्शनमध्ये मिळवायचा आणि उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर भरायचा. व्याज आणि राखणदार त्यांनी त्या हिशेबात धरले नाहीत. कागदोपत्री माझा नफा ३ लाख ८२ हजार ५०० निघाला. वीस टक्के कर आणि त्यावर उपकर धरून जवळपास ऐंशी हजार भरले. झालेल्या तोट्यावर कर भरणारा मी बहुधा आपल्या सोसायटीतला एकटाच असेन.

६ लाख ४० हजार हा आकडा तरी मला कसा कळला? सौ.च्या किराण्याच्या वहीतून. मी घरातून जेव्हा जेव्हा रोख नेली, तेव्हा तिने तारीख टाकून लिहून ठेवलं होतं. मी त्या वहीला हसायचो.

मेहुण्यांचे पाच लाख मी परत केले, पण तीन हप्त्यांत, आणि वर एक रुपयाही नाही. लग्नाच्या वेळी त्यांना बाहेरून उसने घ्यावे लागले. वर्षभर ते आमच्याकडे आले नाहीत. राखीला सौ. एकटीच जाऊन आली. त्यांना वाटायचं, जिजाजींनी नफा दडवला. त्यांना तसं वाटलं, यात त्यांची चूक नव्हती, कारण मी त्यांना तोंडी ‘नुकसान झालं’ एवढंच सांगितलं होतं. शेवटी सौ.ने वहीच्या झेरॉक्स काढल्या, बँकेचा उतारा आणि कराचं चलन जोडलं, आणि मला म्हणाली, ‘हे घेऊन तुम्हीच जा.’ मी गेलो. त्यांनी चष्मा लावून पानन् पान वाचलं. राग गेला असं मी म्हणणार नाही. पण जेवून जा म्हणाले.

तिसऱ्या घराला मी शहाणा झालो. त्या घरासाठी वेगळं बचत खातं उघडलं, सगळी जमा आणि सगळा खर्च त्यातूनच. अंदाज निघाला त्यावर वीस टक्के आधीच बाजूला ठेवले. मिस्तरीला दर शनिवारी मोबाइलवरून पैसे. रोख द्यावेच लागले, तर व्हाउचरवर नाव, काम आणि सही, आणि रक्कम पाच हजारांवर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. घर भाड्याने दिलं, चोवीस महिने उलटू दिले, मग विकलं. हातात एक लाख नव्वद हजार उरले. पहिल्या घरापेक्षा कमी, पण या वेळी ‘वाटलं’ म्हणावं लागत नाही.

आता काही नियम सांगतो. मी सीए नाही, प्रत्यक्ष व्यवहाराआधी आपल्या सीएला विचाराच.

घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेऊ नका. तेवढाच दंड बसू शकतो. रेडीरेकनरच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून खाली विकलं, तर कर सरकारी किमतीवर लागतो. वरचेवर घरं घेऊन विकली, तर आयकर खातं त्याला धंदा म्हणू शकतं. मग व्याज आणि मजुरी खर्चात बसते, पण दीर्घमुदतीची सवलत जाते, आणि एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिले तर तो खर्च धरत नाहीत. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, पण जो काही जीएसटी आपण भरतो, तो आपल्यासारख्याला परत मिळत नाही. तो खर्चातच धरा.

ज्यांना घरं विकत फिरायचं नाही, त्यांनी हे ऐका. समजा, २००१-०२ मध्ये आपलं घर चार लाखांत झालं आणि २०२५-२६ मध्ये ते तीस लाखांना विकलं. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला दोन वाटा आहेत. महागाई न धरता साडेबारा टक्के, किंवा महागाई निर्देशांक धरून वीस टक्के. जो कर कमी, तो भरायचा. पहिल्या वाटेने कर सव्वातीन लाख. दुसऱ्या वाटेने चार लाखांचे १५ लाख ४ हजार धरले जातात, म्हणजे कर २ लाख ९९ हजार. आता समजा, २०१०-११ मध्ये तुम्ही दोन लाखांत वर खोली चढवली. पावत्या असतील, तर त्या दोन लाखांचे साडेचार लाख धरतात आणि कर उतरतो सुमारे २ लाख ९ हजारांवर. पावत्यांची ती फाइल नव्वद हजारांची आहे! मात्र खोली, स्लॅब, नवी विहीर असं घराचं मोल वाढवणारं काम हवं. दर दिवाळीचा रंग त्यात बसत नाही.

चोवीस महिन्यांनंतर विकलं आणि नफा दुसऱ्या घरात घातला, तर कर वाचतो. त्यासाठी नवं घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घ्यावं, किंवा तीन वर्षांत बांधावं. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. म्हणून मी मुद्दामच क्रमांक सांगितले नाहीत.

आपल्याकडे सेवाग्रामला बापूंची कुटी आहे. माती, बांबू आणि कवेलूची. शाळेच्या सहलीने आपण सगळेच तिथे जाऊन आलो. तिथे आश्रमात पै-पैचा हिशेब ठेवत. त्या गावापासून आठ किलोमीटरवर राहून मी साडेसहा लाखांचा हिशेब ठेवला नाही, याची मला आजही लाज वाटते.

तेव्हा मंडळी, आज घरी गेल्यावर एक करा. खरेदीखत, बांधकाम परवानगी, नळजोडणीपासून फरशीपर्यंत ज्या पावत्या सापडतील त्या एका फाइलीत लावा. थर्मल कागदाची शाई उडते, तिची झेरॉक्स काढा. आणि ती फाइल कुठे ठेवली, हे घरातल्या बाईमाणसाला सांगा. खरं म्हणजे तिच्याच हातात द्या.

सेक्रेटरी साहेब मघापासून घड्याळ दाखवताहेत आणि आलूपोहे थंड होताहेत. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा देतो आणि थांबतो.